उरलेले चार भ्रूण आणि संमतिपत्रावरची ती ओळ

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं. आयव्हीएफने मुलगी झाली, ती आता तीन वर्षांची आहे. पाचव्या दिवशी गोठवलेले चार भ्रूण अजून केंद्रात आहेत. दुसरं मूल नको असं दोघांचं ठरलंय, म्हणून केंद्राने संमतिपत्र पाठवलं. भ्रूण पुढे ठेवायचे, नष्ट करायचे, दुसऱ्या जोडप्याला द्यायचे की संशोधनाला द्यायचे, असे त्यात पर्याय आहेत. संशोधनाच्या रकान्यात ‘भ्रूणीय मूलपेशी’ असा शब्द आहे. त्यांच्या वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे आणि ‘उपचारात्मक क्लोनिंग’ने रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी बनवता येतात असं त्यांच्या वाचनात आलं. म्हणून त्या विचारतात: आमच्या भ्रूणांचे क्लोन बनवतील का? वडिलांना त्याचा उपयोग होईल का? आणि हे जीव घेणं नाही का?

मी भ्रूणतज्ज्ञ आहे. गेली २२ वर्षं माझा बहुतेक दिवस सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहण्यात जातो. त्यातली काही वर्षं मी मूलपेशींच्या प्रयोगशाळेत काढली आणि दोन वर्षं मानवी क्लोनिंगच्या प्रयोगांवरही काम केलं. त्यामुळे यातलं जे सांगते ते बरंचसं स्वतः हाताळलेलं आहे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं छोटी आहेत. तुमच्या भ्रूणांचे क्लोन बनणार नाहीत. क्लोनिंगला लागतं ताजं, फलन न झालेलं स्त्रीबीज. पाचव्या दिवसापर्यंत वाढलेला भ्रूण त्या कामाचा नसतो. आणि तुमच्या भ्रूणांतून पेशी काढून त्या तुमच्या वडिलांना देतील, असंही होणार नाही. संशोधनाला दिलेला भ्रूण विशिष्ट रुग्णासाठी राखून ठेवता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे. ते द्यायचं तर भ्रूणीय मूलपेशी आणि क्लोनिंग या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतील, कारण बातम्यांमध्ये त्या नेहमी एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात.

पाचव्या-सहाव्या दिवशीचा भ्रूण म्हणजे साधारण १०० ते २०० पेशींचा पोकळ गोळा. आम्ही त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतो. टाचणीच्या टोकापेक्षाही लहान. बाहेरच्या थराची पुढे वार बनते. आत एका बाजूला पेशींचा छोटासा पुंजका चिकटलेला असतो, त्यातून पुढे बाळ घडतं. या आतल्या पुंजक्यातली प्रत्येक पेशी अजून काहीही होऊ शकते: हाड, मेंदू, रक्त, त्वचा. हा पुंजका बाहेर काढून योग्य द्रवात वाढवला, तर त्या पेशी आपला हा गुण न सोडता विभागत राहतात. याच भ्रूणीय मूलपेशी. उंदरात हे १९८१ मध्ये जमलं. माणसाच्या बाबतीत १९९८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी ते केलं आणि पेशींच्या पाच ‘लाइन’ तयार केल्या. लाइन म्हणजे एकाच भ्रूणापासून निघालेला, वर्षानुवर्षं वाढवत ठेवता येणारा पेशींचा वंश. ते भ्रूण तुमच्यासारख्याच जोडप्यांनी, आयव्हीएफनंतर उरलेले म्हणून दिले होते.

इथे एक गोष्ट मी कधीच गुळमुळीत सांगत नाही. आतला पुंजका काढला की भ्रूण संपतो. संमतिपत्रात ‘पेशी घेतल्या जातील’ असं मोघम लिहिलेलं असतं, तेवढ्यावर थांबू नका.

आता क्लोनिंग. स्त्रीबीजातलं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला गाभा, अतिशय बारीक नळीने ओढून काढायचं. त्या जागी रुग्णाच्या त्वचेच्या पेशीचं केंद्रक घालायचं. मग विजेचा हलका झटका आणि रसायनं देऊन त्या बीजाला फलन झाल्यासारखं जागं करायचं. शुक्राणू कुठेच नाही. जॉन गर्डन यांनी बेडकांवर १९६२ मध्ये दाखवलं होतं की पूर्ण वाढलेल्या पेशीच्या केंद्रकात अख्खा प्राणी घडवण्याची माहिती शाबूत असते, फक्त ती गप्प बसवलेली असते. बीजातला द्रव तिला पुन्हा बोलती करतो. सस्तन प्राण्यात हे होतं याचा पुरावा म्हणजे डॉली मेंढी. ५ जुलै १९९६ चा तिचा जन्म, स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेतला. २७७ बीजांमध्ये केंद्रकं घातली तेव्हा कुठे एक डॉली जगली. बीजांचा हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डॉलीच्या वेळी तो भ्रूण गर्भाशयात ठेवला गेला. उपचारात्मक क्लोनिंगमध्ये तो प्रयोगशाळेतल्या बशीतच राहतो. पाचव्या दिवशी त्याच्या आतल्या पुंजक्यातून मूलपेशी काढतात, म्हणजे रुग्णाच्याच जनुकांच्या मूलपेशी मिळतात. त्यांपासून चेतापेशी किंवा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी घडवून रुग्णाला दिल्या, तर शरीर त्या परक्या समजून मारणार नाही, ही मूळ कल्पना. (अगदी शंभर टक्के आपल्या नाहीत. पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची स्वतःची ३७ जनुकं असतात आणि ती बीज देणाऱ्या बाईची येतात.)

म्हणजे पहिले पाच दिवस दोन्ही प्रकारच्या क्लोनिंगचं काम एकच. फरक एवढाच की पाचव्या दिवशी एक जण गर्भाशयाकडे वळतो आणि दुसरा बशीकडे. म्हणूनच जग या प्रश्नावर दुभंगलं. माणसाचा क्लोन जन्माला घालू नये यावर जवळजवळ सगळे देश एकमुखी होते. पण बशीतल्या क्लोनिंगलाही त्याच बंदीत घालायचं का, यावर संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षं खल झाला. शेवटी मार्च २००५ मध्ये सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्ध जाहीरनामा निघाला, ८४ विरुद्ध ३४ मतांनी, ३७ देश तटस्थ. तो कोणावरही बंधनकारक नव्हता. ब्रिटनने तर २००१ मध्येच नियमात बदल करून परवान्याखाली अशा संशोधनाला वाट करून दिली होती.

या सगळ्या वादात एक माणूस सतत अदृश्य राहिला आहे, ती म्हणजे बीज देणारी स्त्री. भ्रूणाच्या दर्जावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पण प्रयोगशाळेत डबी येते तेव्हा त्या बीजांमागे एक बाई असते, तिने दहा-बारा दिवस पोटात संप्रेरकांची इंजेक्शनं घेतलेली असतात, भूल घेतलेली असते, योनीमार्गातून सुई घालून तिच्या बीजकोशातून ती बीजं काढलेली असतात. तुम्ही स्वतः हे सोसलं आहे, मी नव्याने सांगायला नको. तुम्ही ते तुमच्या मुलीसाठी सोसलंत. संशोधनासाठी बीज देणाऱ्या बाईच्या पदरात मूलही पडत नाही आणि उपचारही नाही.

मी क्लोनिंगच्या प्रयोगांत होते तेव्हाची एक सकाळ विसरत नाही. एका तरुण मुलीची १४ बीजं मिळाली होती. छान, गोल, स्वच्छ. दिवसभर बसून आम्ही त्यांची केंद्रकं बदलली. चौथ्या दिवशी कळलं, तिचं पोट पाण्याने फुगलंय, धाप लागतेय, तिला दाखल केलंय. बीजकोश औषधांना गरजेपेक्षा जास्त उत्तेजित झाले की असं होतं. बहुतेकदा सौम्य असतं, क्वचित जिवावर बेततं. ती बरी झाली. भेटायला गेले तर तिने विचारलं, “माझ्या बीजांचं काय झालं?” एकही आठ पेशींच्या पुढे गेलं नव्हतं. मी तिला खरं ते सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही, पण त्यानंतर मी ‘बीजं उपलब्ध आहेत का’ हे वाक्य पूर्वीच्या सहजतेने उच्चारू शकले नाही.

आठ पेशींपाशी थांबणं ही केवळ आमची रड नव्हती. जगभर बहुतेकांचं तेच होत होतं. माणसाच्या भ्रूणात साधारण त्याच टप्प्याला त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात. तोवर बीजातल्या शिदोरीवर गाडी चाललेली असते. परक्या केंद्रकाला तिथे जागं होणं जमत नव्हतं.

आणि याच काळात दक्षिण कोरियातून बातमी आली की जमलं. सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे ह्वांग वू-सुक. २००४ मध्ये त्यांनी क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून मूलपेशींची पहिली लाइन मिळाल्याचा निबंध प्रसिद्ध केला. २००५ मध्ये तर रुग्णांच्या जनुकांच्या ११ लाइन, तीही फक्त १८५ बीजांतून! आम्ही तो निबंध पुन्हा पुन्हा वाचायचो, आपलं काय चुकतंय ते शोधायचो. चूक आमची नव्हती. त्या ११ पैकी एकही लाइन खरी नव्हती. जानेवारी २००६ मध्ये दोन्ही निबंध मागे घेतले गेले. पहिली लाइन क्लोन नसून बीज आपणहून, शुक्राणूशिवाय विभागलं गेल्यातून निघालेली होती, हे २००७ मध्ये दुसऱ्या गटाने तिच्या जनुकांवरून दाखवून दिलं.

लोकांना यातली बनवाबनवी आठवते. मला आठवतात चौकशीत बाहेर आलेले बीजांचे आकडे. शंभराहून जास्त स्त्रियांची दोन हजारांहून जास्त बीजं वापरली गेली होती. काहींना पैसे दिले होते. आणि त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक मुलींनीही बीजं दिली होती. ज्या साहेबांच्या एका सहीवर आपलं पुढचं सगळं अवलंबून आहे, त्यांच्या प्रयोगासाठी बीज देताना ‘नाही’ म्हणायची मोकळीक कितपत असते? कागदावर सही असते, संमती असतेच असं नाही. खोटे निबंध मागे घेता आले. ती बीजं परत करता येणार नव्हती.

म्हणून उपचारात्मक क्लोनिंगवर माझा मुख्य आक्षेप भ्रूणापासून सुरू होत नाही, तो हिशेबापासून सुरू होतो. प्रत्येक रुग्णासाठी नवी लाइन, प्रत्येक लाइनसाठी ताजी बीजं, प्रत्येक बीजासाठी एका निरोगी स्त्रीचं शरीर. कंपवात आणि मधुमेहाचे रुग्ण जगात कोट्यवधी आहेत. बीजं येणार कुठून? पैसे दिले तर ज्या बायकांना पैशाची निकड आहे त्याच पुढे येणार. नाही दिले तर बीजंच मिळत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने सरकारी निधीच्या संशोधनात बीजांसाठी खर्चापलीकडे मोबदला द्यायचा नाही असं ठरवलं, न्यूयॉर्कने २००९ मध्ये तो द्यायला परवानगी दिली. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला समजतं. तिथे प्रजननासाठी बीज देणाऱ्या मुलीला मोबदला मिळतो, मग तोच त्रास संशोधनासाठी सोसणारीने फुकट का सोसावा, हा प्रश्न खोटा नाही. तरीही, रोजच्या उपचाराची इमारत या पायावर उभी राहू नये असं माझं ठाम मत आहे.

पुढे खरोखर जमलंही. २०१३ मध्ये ओरेगॉनमध्ये शूखरात मितालिपोव्ह यांच्या गटाने क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून मूलपेशी मिळवल्या. त्यांनी शोधलेली युक्ती फार सुंदर होती. केंद्रक काढताना बीज वेळेआधीच जागं होऊन जायचं, ते थोपवायला त्यांनी द्रवात कॅफीन घातलं. आपल्या कॉफीतलंच. पुढच्याच वर्षी प्रौढांच्या पेशींपासूनही लाइन झाल्या. टाईप १ मधुमेह असलेल्या एका स्त्रीच्या त्वचेपासून न्यूयॉर्कमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी घडवल्या गेल्या. शास्त्र म्हणून मी टाळ्या वाजवल्या. पण तोवर जग दुसऱ्या रस्त्याला लागलं होतं.

तो रस्ता क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी दाखवला. २००६ मध्ये उंदरात, २००७ मध्ये माणसात. त्वचेच्या पेशीत फक्त चार जनुकं घालून तिला मूलपेशीच्या अवस्थेत मागे नेता येतं. बीज नको, भ्रूण नको. या पेशींना आयपीएस म्हणतात. मित्राच्या आयव्हीएफ केंद्रात सूक्ष्मदर्शकातून भ्रूण पाहिला तेव्हा आपल्या मुली आठवल्या आणि दुसरा मार्ग शोधायला हवा असं वाटलं, हे यामानाका यांनी स्वतः सांगितलं आहे. मी रोज तेच पाहते, म्हणून मला ते फार जवळचं वाटतं. २०१२ चं नोबेल त्यांना आणि गर्डन यांना मिळून दिलं गेलं, तेही योग्यच. पेशीचं घड्याळ मागे फिरतं हे एकाने बेडकात दाखवलं होतं, दुसऱ्याने ते बीजाशिवाय फिरवून दाखवलं.

मग भ्रूणीय मूलपेशींचं काम संपलं का? ‘आयपीएस आलं, आता भ्रूणांना हात लावायची गरज नाही’ असं बरेच जण म्हणतात. ते मला पूर्ण पटत नाही. कोणती जनुकं घालून पाहायची याचा अंदाज भ्रूणीय मूलपेशींच्या अभ्यासातूनच आला. माणसाच्या आयपीएस पेशी वाढवायचे द्रव आणि पद्धती तिथूनच आल्या. नवी आयपीएस पेशी खरी उतरली का, हे पाहायची कसोटीही तीच होती. थॉमसन यांनीही २००७ मध्ये यामानाकांच्या बरोबरीनेच माणसाच्या आयपीएस पेशी बनवल्या, हा योगायोग नव्हे.

आणि ‘स्वतःच्याच पेशी’ या स्वप्नाचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमध्ये कोबेला मासायो ताकाहाशी यांच्या गटाच्या प्रयोगात सत्तरीतल्या एका बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच आयपीएसपासून बनवलेला पेशींचा थर बसवला गेला. जगात पहिल्यांदाच. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले म्हणून त्याची शस्त्रक्रिया थांबवली. प्रत्येक रुग्णाच्या पेशी वेगळ्या बनवायच्या, वेगळ्या तपासायच्या, यात महिनोन्‌महिने आणि अतोनात पैसा जातो हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. पुढे त्यांनीही दात्याच्या, आधीच तपासून ठेवलेल्या पेशींकडे मोर्चा वळवला. ज्या गोष्टीसाठी उपचारात्मक क्लोनिंग हवं होतं, ती गोष्टच व्यवहारात मागे पडली.

तुमच्या वडिलांच्या आजाराचंच घ्या. एप्रिल २०२५ मध्ये कंपवाताच्या १२ रुग्णांवरच्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डोपामिन (कंपवातात कमी पडणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या अवस्था त्यांच्या मेंदूत सोडल्या होत्या. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षभर दिली. दीड वर्षानंतर मेंदूच्या स्कॅनवर पेशी तग धरून असल्याच्या खुणा दिसल्या आणि पेशींमुळे गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. ही पहिल्या पायरीची चाचणी होती, आजार बरा होतो असं ती सांगत नाही. जपानमधल्या आयपीएसवरच्या तशाच चाचणीचे निष्कर्षही त्याच सुमारास आले. पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या १२ जणांना दिलेल्या पेशी एच-नाईन नावाच्या लाइनपासून बनल्या होत्या. एच-नाईन म्हणजे थॉमसन यांच्या १९९८ च्या पाच लाइनपैकी एक. कुठल्या तरी जोडप्याने दिलेला एक भ्रूण. त्याच्या पेशी सत्तावीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत.

क्लोनिंगमध्ये एका रुग्णामागे कित्येक बीजं खर्ची पडतात. इथे एका भ्रूणामागे किती माणसं उभी राहतील याला मोजमाप नाही. शिवाय तो भ्रूण कोणीतरी मूल व्हावं म्हणून घडवला होता, वापरण्यासाठी नव्हे. नैतिक तराजूत या दोन गोष्टी एका पारड्यात घालणं मला अन्यायाचं वाटतं.

आता तो तिसरा प्रश्न. हे जीव घेणं आहे का?

कॅथलिक चर्चची भूमिका स्पष्ट आहे: फलनाच्या क्षणापासून तो मानवी जीव, त्याला साधन म्हणून वापरता येत नाही. ज्यू परंपरेत पहिले ४० दिवस भ्रूणाला पूर्ण व्यक्तीचा दर्जा नाही. इस्लामी विद्वानांमध्ये ४० दिवस की १२० दिवस असे मतभेद आहेत, पण पहिल्या आठवड्यातल्या भ्रूणाला व्यक्ती मानणारे त्यांच्यात थोडे. कायद्याने बहुतेक ठिकाणी मधला टप्पा धरला तो १४ दिवसांचा. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये तो सुचवला आणि १९९० मध्ये त्याचा कायदा झाला. साधारण त्या दिवसानंतर भ्रूणावर एक रेघ उमटते, शरीराचा पुढचा-मागचा, डावा-उजवा अक्ष ठरतो. त्याआधी एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात. एक जीव की दोन हेच अजून ठरलेलं नाही, त्याला ‘एक व्यक्ती’ कसं म्हणायचं, हा त्यामागचा विचार. मज्जासंस्थेचा तर तोवर मागमूसही नसतो. हे जीवशास्त्र बरोबर आहे. पण चौदावा दिवस निसर्गाने आखून दिलेला नाही, माणसांनी एकत्र बसून ठरवला आहे, हे विसरू नये. २०१६ पर्यंत कोणाला १३ दिवसांपर्यंत भ्रूण बशीत वाढवताच येत नव्हता, म्हणून नियम पाळणं सोपं होतं. ते जमल्यावर, २०२१ मध्ये, मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही मर्यादा सरसकट बंदीच्या यादीतून काढली. मला ती घाई वाटते.

संशोधनाच्या बाजूने दोन युक्तिवाद नेहमी केले जातात, ते दोन्ही मला कच्चे वाटतात. एक: ‘नाहीतरी फेकूनच देणार होते.’ मरणाऱ्याच्या बाबतीत काहीही चालतं असं म्हणायला आपण कुठेच तयार नसतो, मग इथेच का? भ्रूण देणं योग्य ठरतं ते दोघांनी समजून-उमजून दिलं म्हणून आणि कामाचं मोल तेवढं असेल म्हणून. तो फेकला जाणार होता, एवढ्याने भागत नाही. दोन: ‘निसर्गातही कितीतरी भ्रूण रुजतच नाहीत.’ खरं आहे. पण निसर्गात मरतात म्हणून आपल्याला परवानगी मिळते असं होत नाही.

तारखेची रेघ ओढणारे कायदेही मला समाधान देत नाहीत. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेने ठरवलं, त्या दिवसापर्यंतच्या लाइनवर सरकारी पैसा, नंतरच्या लाइनवर नाही. मार्च २००९ मध्ये ते उठलं. जर्मनीत भ्रूणातून पेशी काढायला बंदी, पण ठराविक तारखेआधी परदेशात बनलेल्या लाइन आणायला मुभा. जे कृत्य आपल्या दारात चुकीचं मानायचं त्याचं फळ शेजाऱ्याकडून घ्यायचं, हे मला पटत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पाच दिवसांचा भ्रूण मला व्यक्ती वाटत नाही. त्याला वेदना नाही, जाणीव नाही, अजून ‘तो एक’ हेसुद्धा ठरलेलं नाही. पण तो त्वचेचा कपटाही नाही. तुमच्या मुलीचा पहिला फोटो असाच एक गोळा होता. जसजसा तो वाढतो तसतसा त्याचा आपल्यावरचा हक्क वाढत जातो, असं मी मानते. म्हणून उरलेल्या भ्रूणावर विचारपूर्वक, परवानगीने केलेलं संशोधन मला मान्य आहे. केवळ वापरून संपवण्यासाठी भ्रूण घडवणं मला जड जातं. वॉर्नॉक समितीतही याच मुद्द्यावर फूट पडली होती. काही दुर्मीळ कामांसाठी, उदाहरणार्थ मायटोकॉन्ड्रियाचे आनुवंशिक आजार समजून घेण्यासाठी, क्लोनिंगचे मोजके प्रयोग मी समजू शकते. पण तुमच्या मनात याहून वेगळं येत असेल तर ते अडाणीपणाचं लक्षण नाही. माझ्या शेजारी बसून काम करणारी सहकारी या मुद्द्यावर माझ्याशी सहमत नाही. ती मूलपेशींच्या प्रयोगांत भाग घेत नाही आणि तिच्या हाताखाली वाढलेले भ्रूण माझ्यापेक्षा चांगले असतात.

वडिलांबद्दल एक विनंती. ‘मूलपेशींचं इंजेक्शन’ देऊन कंपवात बरा करतो म्हणणाऱ्या कोणाकडेही त्यांना नेऊ नका. खऱ्या चाचणीत उपचाराचे पैसे रुग्णाकडून मागत नाहीत, नैतिकता समितीची मंजुरी असते आणि पेशी नेमक्या कशापासून बनल्या ते लेखी सांगतात. नीट न घडवलेली मूलपेशी शरीरात गेली तर तिची गाठ होऊ शकते. त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना चाचण्यांविषयी विचारा, ते सांगतील.

आता संमतिपत्र. ‘संशोधन’ हा शब्द फार मोठा आहे. त्यात मूलपेशी येतात, वाढीचे द्रव तपासणं येतं, नव्या भ्रूणतज्ज्ञांचं शिकणंही येतं. तुम्ही यातलं एक मान्य करून दुसरं नाकारू शकता का, ते विचारा. लाइन बनली तर तिच्यात तुम्हा दोघांची जनुकं असतील आणि ती तुमच्या नंतरही वाढत राहू शकेल. ती परदेशी जाईल का, कंपन्यांना मिळेल का, त्यातून औषध निघालं तर तुम्हाला वाटा नाही हे स्पष्ट लिहिलंय का, आणि तपासणीत तुमच्या आरोग्याविषयी काही सापडलं तर तुम्हाला कळवणार की नाही, हे विचारा. संमती कधीपर्यंत मागे घेता येते ते तारखेनिशी समजून घ्या. पेशी काढेपर्यंत सहसा घेता येते, लाइन बनल्यावर नाही. उपचारात दात्याचं बीज किंवा शुक्राणू वापरले असतील तर त्यांचीही परवानगी लागेल. आणि हे सगळं समजावून सांगणारी व्यक्ती तुमच्यावर उपचार करणारी नसावी. तसा माणूस केंद्राने द्यायला हवा, न दिल्यास मागून घ्या.

फॉर्मवर परत पाठवण्याची मुदत लिहिलेली असते, ती बहुधा साठवणुकीच्या शुल्काची असते. आणखी काही महिने ठेवायचे असं कळवलं तर निर्णय लांबवता येतो. चारही भ्रूणांचं एकच व्हायला हवं असंही नाही. काही जोडपी दोन संशोधनाला देतात आणि दोन आपल्या डोळ्यांसमोर शांतपणे वितळू देतात. मी अशा वेळी त्यांच्या शेजारी उभी राहिले आहे. आणि तुम्हा दोघांपैकी एकाचंही मन ‘नको’ म्हणत असेल, तर संशोधनाच्या रकान्यावर सरळ रेघ मारा. त्याचं कारण केंद्राला द्यावं लागत नाही.